ओसाड पाड्याची माती

"अहो, तिथं जाऊन लोकांच्या भिंती बडवत बसू नका." वाईच्या मोटारतळावर आमच्या सौभाग्यवतींनी मला दिलेला निरोप एवढाच. जपून जा नाही, वेळेवर जेवा नाही. त्यांचंही बरोबरच म्हणा. सगळी उमर ओव्हरसियरकीत गेली आणि भिंत दिसली की मुठीनं ठोकून बघायची खोड लागली ती लागलीच. वर एक, मध्ये एक, खाली एक. भरीव भिंतीचा आवाज दबका येतो, पोकळ भिंत लगेच बोंब मारते. पाहुण्यांकडं गेलो तरी चहा यायच्या आत माझे तीन ठोके पडलेले असतात. आमच्या घरी स्वयंपाकघराच्या भिंतीवर तर येता-जाता ठोकतो. पलीकडून कधी शब्द येत नाही, फक्त एखादं पातेलं जरा जोरात आपटल्याचं ऐकू येतं.

या खेपेला मात्र मला भिंती बडवायलाच बोलावलं होतं. आमची थोरली बहीण, आक्का, लालबागच्या चाळीत एका खोलीत राहायची. तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, दम्यानं बेजार. खिडकी उघडली की गिरणीचा धूर आत, बंद केली की जीव बाहेर. डॉक्टरांनी सांगितलं, यांना मोकळ्या हवेत न्या, नाहीतर मला पुन्हा बोलावू नका. आमच्या साताऱ्याकडच्या लोकांनी बोरिवलीला खाडीच्या अंगाला सोसायटी काढून मातीची स्वस्त घरं बांधायला घेतली होती. त्यातलं एक आक्कानं पाटल्या मोडून घेतलं. घरं उभी राहिली, कौलं चढली, आणि नेमकं तिथंच घोडं अडलं. कुणी राहायलाच जाईना! जमीनमालकाची अट होती की मिरगाच्या आत तिथं निदान एक तरी चूल पेटली पाहिजे, नाहीतर जमीन घरांसकट परत. बाकीचे सभासद एकेक करून मागं सरले होते. आक्कानं गावाकडं येणाऱ्या शेजाऱ्याबरोबर सांगून पाठवलं, "बापूला म्हणावं, येऊन भिंती बघ. तू राहा म्हणालास तर राहीन, नको म्हणालास तर यांना घेऊन चाळीतच मरेन."

अशा निरोपावर कोण घरी बसेल?

बोरिवलीला उतरलो तेव्हा वैशाखाचं ऊन मी म्हणत होतं. आक्का आणि दाजी आधीच येऊन स्टेशनाजवळ दाजींच्या एका मित्राच्या पडवीत उतरले होते. दाजी भिंतीला टेकून बसले होते. गडी माणूस, एके काळी आखाड्यात उतरायचा. आता चार शब्द बोलायचे तर मध्ये दोनदा श्वास घ्यायला थांबत होता. "बापूराव," ते म्हणाले, "भिंती... नीट बघा हो." आणि हसले. ते हसणं मला बघवेना.

दाजींना पडवीत ठेवून आक्का आणि मी टांग्यानं निघालो. मुंबई म्हणजे माणसांचं वारूळ असं ऐकून होतो. इथं तर स्टेशन मागं पडलं की ताडाची झाडं, भाताची मोकळी खाचरं, मध्येच एखादं कौलारू घर आणि दाराशी पांढरा क्रूस. एका ताडाखाली बाई ताडगोळे विकत होती. मी टांगा थांबवून यथेच्छ खाल्ले. आक्का म्हणाली, "बापू, तू भिंती बघायला आलायस की पोट भरायला?" मी म्हटलं, "पोकळ भिंत आणि पोकळ पोट, दोन्हींचा भरवसा नाही." ती हसली नाही. खाडी जवळ येत चालली तशी ती गप्प होत गेली. टांगेवाल्यानं आम्हांला बरंच अलीकडं उतरवलं. पुढं रस्ता खराब आहे म्हणाला. रस्ता चांगला होता.

घरं पाहिली आणि खरं सांगतो, मन खूश झालं. जोडघरांची ओळ होती. दोन बिऱ्हाडांत मधली भिंत एकच, म्हणजे तेवढी माती आणि मजुरी वाचली. दगडी जोतं चांगलं मांडीइतकं उंच, वर फळ्यांच्या साच्यात ओलसर माती घालून धुमसानं (जड दांड्याच्या ठोकण्यानं) थरावर थर ठोकलेल्या भिंती. वाशांना ताडाची खोडं, आणि कौलांची पाखं दोन हात पुढं काढलेली, कोकणातला पाऊस भिंतीला लागू नये म्हणून. सिमेंट नावाला, चुना जरुरीपुरता, विटा नाहीतच. घर पाहावं बांधून म्हणतात, पण असं स्वस्त आणि मस्त बांधलेलं मी उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं.

पण शांतता! भर दुपारी, नव्याकोऱ्या घरांत, चिटपाखरू नाही. दारांना कुलपं. अंगणात मजुरांनी टाकून दिलेल्या पाट्या, त्यांत सुकलेला गारा. काम संपवून माणसं गेली की हत्यारं तरी नेतात. हे लोक काम टाकून गेले होते.

आक्काचं घर ओळीच्या शेवटी, तिवरांच्या (खाडीच्या चिखलातल्या झाडांच्या) बाजूला. तिनं कुलूप उघडलं. आत गार. मी भिंतीवर पाणी मारून पाहिलं, खिळ्यानं ओरखडून पाहिलं. माती अशी घट्ट की खिळा फिरेना. निरखून पाहतो तर मातीत लालसर भाजके खडे, मध्येच कोळशाचे कण, एका थरात हिरव्या काचेच्या बांगडीचा तुकडा. "आक्का, ही माती भाजलेली आहे गं. म्हणून एवढी चिवट. कुठून आणली?"

"पलीकडून. गोराईहून, होडीनं. तिथं एक उठलेला पाडा होता म्हणे, नुसते ढिगारे. आपले सोसायटीचे चिटणीस बघूनच नाचायला लागले. म्हणाले, ही तर पांढर!"

देशावरच्या माणसाला हे सांगायला नको. उठलेल्या गावाची जुनी पांढरी माती म्हणजे बांधकामाला सोनं. आमच्याकडं ती कुणाच्या मालकीची नसते. ज्याला घर बांधायचं तो गाडी जुंपतो आणि घेऊन येतो. चिटणीस आमच्याच मुलखातले, त्यांनी तेच केलं. मी खुशीत येऊन मधल्या भिंतीला माझे तीन ठोके हाणले. वर, मध्ये, खाली. भिंत अगदी भरीव. "झकास!" मी म्हणालो.

आणि पलीकडून तीन ठोके आले.

हलके, सावकाश, एकामागून एक. माझा हात भिंतीवर तसाच राहिला. आक्कानं माझा दंड धरला.

"ऐकलंस ना?" ती कुजबुजली. "मला वेड लागलेलं नाही ना रे? दुपारची येतात. सगळ्यांनी ऐकलेत. म्हणून पळाले सगळे."

मी तडक बाहेर धावलो. पलीकडच्या बिऱ्हाडाच्या दाराला कुलूप, त्यावर धुळीचा थर. खिडक्या बंद. दाराच्या फटीला डोळा लावला तर आत काळोख आणि ओल्या मातीचा वास. मागच्या बाजूला जायचं तर काटेरी कुंपण, आणि त्यामागं भरतीचं पाणी चढलेलं. परत आलो आणि छाती फुगवून म्हणालो, "घूस असेल. नाहीतर लाकूड वाळतंय." भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असंही वर ऐकवलं. पण त्या दुपारी मी त्या भिंतीला पुन्हा हात लावला नाही, आणि टांग्यापर्यंत येताना आक्काच्या पुढं मीच होतो.

रात्री पडवीत दाजींचा श्वास ऐकत पडलो. शिट्टी वाजल्यासारखा तो घशातून निघायचा, मध्येच थांबायचा, आणि तो थांबला की आक्का अंथरुणावर उठून बसायची. असं ती किती वर्षं उठून बसत असेल कोण जाणे. राहा म्हणावं तर भीती, नको म्हणावं तर हे. मी ठरवलं, आधी माती कुठून आली ते बघायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी एकटा खाडी ओलांडून गोराईला गेलो. होडीवाला पेद्रू, तिथलाच ख्रिस्ती शेतकरी. उन्हानं रापलेला, बोलायला मोकळा. मी मातीचं विचारलं आणि त्याचं वल्हं जरा अडखळलं. "त्या पाड्यावर काय बघायचा हाय? तुमच्या लोकांनी ठेवलाय काय तिथं?" तरी तो मला घेऊन गेला. नारळीपोफळी संपल्यावर वाळूच्या उंचवट्यावर मोकळी जागा होती. माती सगळी खणून नेलेली. उरले होते फक्त दगडी उंबरे. घर नाही, दार नाही, नुसते उंबरे जमिनीवर ओळीनं, प्रत्येकाची पायरी झिजलेली. टोकाला एक जुना क्रूस होता आणि त्याच्या पायाशी ताज्या अबोलीचा वळेसर (गजरा). मी नकळत दोन उंबऱ्यांच्या मधून चालत होतो ते थांबलो. आपण कुणाच्या तरी माजघरातून चाललोय, असं वाटलं.

"गाठीचा ताप आलेला," पेद्रू म्हणाला. प्लेगबद्दल बोलत होता तो. "पाडा उठला तवा. कोन परत नाय आला. माती कोनी हलवायची नाय, असा आमच्यात. त्या घरातला शेवटचा मानूस जित्ता हाय तवर नाय."

"मग आमच्या लोकांना अडवलं का नाहीत?"

"इचारला असता तर सांगितला असता," तो म्हणाला. "इचारलाच नाय कोनी."

विचारायचं असतं हेच आम्हा देशावरच्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

त्याच्या घरी जेवलो. राग मनात ठेवून कुणी इतकं प्रेमानं जेवू घालत नाही. तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाचं लालभडक कालवण, आणि वर फुगे (आंबवलेल्या मैद्याचे तळलेले गोळे). मी किती खाल्ले ते सांगत नाही, सौभाग्यवती वाचणार आहेत. पेद्रूच्या घरी एक जागा रिकामी होती. पाट मांडलेला, ताट झाकलेलं. "मावशी माझी. इजाबाय. ती येल संध्याकालची," पेद्रू म्हणाला. "रोज सकाळची खाडीपार जाते, माझ्याच होडीनं. आज तुमच्या आदी सोडून आलू तिला. कुठं जाते इचारला तर बोलते, आयकडं (आईकडं)."

मी हातातला फुगा पुन्हा ताटात ठेवला.

"तिची आई... आहे?"

"त्या पाड्यावरच गेली ना गाठीच्या तापात. मावशी पोर व्हती. तीच शेवटची त्या घरातली."

परत आलो तेव्हा भरती अजून चढायची होती. आक्का कॉलनीच्या कोपऱ्यावर उभी होती, मला एकट्याला जाऊ देईना. या वेळी आम्ही तिवरांच्या बाजूनं गेलो. मागच्या चिखलात पावलं उमटली होती. अनवाणी, बारीक, बोटं फाकलेली, एक पाय किंचित ओढलेला. खाडीकडून येणारी. जाणारी एकही नाही. आदल्या दिवसांची परतीची पावलं भरतीनं पुसली असणार हे आज मला कळतं. तेव्हा कळत नव्हतं. तेव्हा माझी पाचावर धारण बसली होती. कुंपणात एक बोगदा पडला होता, आणि त्यापलीकडं शेजारच्या बिऱ्हाडाचं मागचं दार नुसतं लोटलेलं होतं.

आत, मधल्या भिंतीला कान लावून, एक म्हातारी बसली होती. लाल चौकटीचं लुगडं, पांढरे केस, केसांत अबोली. आम्ही आलो तरी तिनं मान वळवली नाही. बोट ओठावर ठेवून आम्हांला गप्प केलं. मग मुठीनं भिंतीवर तीनदा मारलं आणि वाट पाहत राहिली. आम्हीही, का कोण जाणे, वाट पाहत राहिलो.

काही आलं नाही. तिनं सुस्कारा सोडला. "काल आलेले," ती म्हणाली. "इतक्या वर्सात पयल्यांदा. काल आदी तिनं मारले, मंगे मी."

आक्का तिच्याशेजारी जमिनीवर बसली. "कोण, मावशी?"

मग इजाबायनं सांगितलं. तिच्या बोलण्यात रडणं नव्हतं, ते फार जुनं होऊन सरून गेलेलं होतं. घरात कुणाला गाठ आली की बाकीच्यांनी बाहेर झोपडी घालायची. रोज दुपारी पेज घेऊन यायचं आणि बाहेरून भिंतीवर तीनदा मारायचं. म्हणजे विचारायचं, आहेस काय? आतून तीन ठोके आले की पेज उंबऱ्यावर ठेवायची आणि मागं व्हायचं. "माजी आय आत व्हती. मी मारी, ती मारी. हात हलका तिचा, तरी मना ऐकू ये. एक दिस आवाज आला नाय. मी परत मारला. नाय आला. माजा बापूस बोलला, झाला. मी बोललू, थांब, ती निजली असल. त्यानं मना हाताला धरला नि ओढत नेला. नि छपराला आग लावली."

मला भिंतीतले ते लाल भाजके खडे दिसत होते. आदल्या दिवशी याच मातीला मी झकास म्हटलं होतं. माझी जीभ झडली का नाही तेव्हा!

"ती निजलीच असंल तर?" इजाबाय भिंतीला म्हणाली. "तवापासना मना हाच एक सवाल. माती इथं आनली तशी मी पन आली."

आता मला राहवेना. मी खोटं बोलणारा माणूस नाही, आणि एका म्हातारीला खोट्या आशेवर बसवून जाणं मला जमेना. "मावशी," मी म्हणालो, "काल तो मी होतो. पलीकडून भिंत तपासत होतो."

आक्कानं माझ्याकडं असं पाहिलं की लहानपणी मी तिची दौत सांडली होती तेव्हाही पाहिलं नव्हतं. इजाबाय मात्र शांत. "मारून दाखव," ती म्हणाली.

मी वळसा घालून आक्काच्या घरात गेलो आणि तीन ठोके मारले. पलीकडून तिचा आवाज आला, जाड भिंतीतून पुसट, पण ठाम. "तू नाय. तू दांडगा मारतंस."

"मावशी, काल मीच..."

"तू नव्हतास!"

तेवढ्यात आक्का माझ्या मागून आत आली. मला बाजूला सारलं. हातातल्या काचेच्या बांगड्या कोपराकडं सरकवल्या आणि भिंतीवर अगदी हलक्या हातानं, झोपलेल्या माणसाला उठवावं तसे, तीन ठोके दिले.

पलीकडून हुंदका आला. म्हातारीचा नव्हे, लहान पोरीचा वाटावा असा. मी जोत्यावर जाऊन बसलो आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. लाज कसली त्यात?

त्यानंतर जे ठरलं ते आक्कानं ठरवलं. तिनं मला विचारलंही नाही, भिंती बघायला बोलावलं होतं तरी. इजाबायचा हात धरून ती म्हणाली, "मावशी, माझा नवरा आजारी आहे. त्याला इथली हवा पाहिजे. तुम्ही राहा म्हणालात तरच मी इथं चूल पेटवीन. तुम्ही रोज दुपारी या. बाहेरून विचारा. मी आतून सांगेन."

इजाबायनं तिच्या तोंडावरून हात फिरवला. "घर तुजा," ती म्हणाली. "भिंत माजी."

"भिंत तुमची," आक्का म्हणाली.

दोन दिवसांनी दाजींना टांग्यातून आणलं. आक्कानं चूल पेटवली, पहिल्यांदा दूध उतू घालवलं आणि मग पिठलं-भात केला. त्या धुराकडं बघून दोन सभासद दुसऱ्या दिवशी सहज फिरायला आल्यासारखे आले आणि अंगणातून घर बघून गेले. दुपारी ठोके आले, आक्कानं उत्तर दिलं, आणि खिडकीत केळीच्या पानावर ठेवलेली तांदळाची भाकरी मिळाली. मी आठवडाभर राहिलो. मागच्या कुंपणाचा बोगदा नीट मोठा करून तिथं दोन पायऱ्या बांधून दिल्या, म्हातारीचा पाय ओढतो म्हणून. शेजारच्या सभासदाला आक्कानं असं काही झापलं की त्यानं मागचं दार उघडं ठेवायला मुकाट्यानं मान्यता दिली. आणि दाजी? पाचव्या की सहाव्या दिवशी मी सकाळी उठलो तर घरात शिट्टी नव्हती. मी घाबरून धावलो. ते झोपले होते. नुसते झोपले होते, तोंड मिटून, लहान मुलासारखे. आक्का उंबऱ्यावर बसून त्यांच्याकडं बघत होती.

निघायच्या दिवशी वाटलं, पेद्रूचा आणि इजाबायचा निरोप घ्यावा. दुपार उलटल्यावर गोराईला गेलो. पेद्रू घरीच. इजाबाय ओटीवर गोधडी पांघरून पडलेली, कपाळावर ओली पट्टी. मला बघून हसली. "बरा झाला आलास. तुज्या बयनीला सांग, वाट बघू नको. ताप आलाय. परवापासना उठवत नाय, आली नाय मी."

"परवापासून?"

"दोन दिस झाले," पेद्रू म्हणाला. "ओटीवरनं हलली नाय ती."

परतीच्या होडीत मी पाण्याकडं बघत बसलो. आदल्या दिवशी दुपारी मी आक्काकडं जेवत होतो. ठोके माझ्या कानांनी ऐकले होते. आक्का हात न धुताच उठली होती आणि उत्तर देऊन परत पानावर बसली होती.

सांगावं की सांगू नये? सांगितलं तर ती बिऱ्हाड उचलेल आणि दाजी पुन्हा धुरात जातील. नाही सांगितलं तर माझ्या बहिणीला मी कशात ठेवून चाललोय? होडी काठाला लागेस्तोवर माझा निर्णय होईना. घरी पोचलो तर आक्का तांदूळ निवडत होती. मी सांगून टाकलं. आम्हा भावंडांत पोटात ठेवायची रीतच नाही.

तिचे हात थांबले. सुपाकडं बघत म्हणाली, "आजही आले होते. परवापासून जरा हलके येतात, खिडकीत भाकरीही नसते. मी म्हटलं, म्हातारीला बरं नाही वाटतं."

बाहेर ताडाची झावळी सळसळली. दाजी आत झोपले होते, आणि त्यांचा श्वास संथ येत-जात होता. आक्कानं तो ऐकला. मीही ऐकला. मग ती मधल्या भिंतीकडं बराच वेळ बघत राहिली, आणि मला वाटलं, आता उठेल आणि भांडी बांधायला घेईल.

"आक्का, काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे?" ती उसळून म्हणाली. "विचारणाऱ्याला उत्तर द्यायचं. कोण विचारतंय ते बघत बसू का? पेज मिळाली नाही म्हणून आशेनं कुणी ठोकत असेल, तर उद्यापासून मीही खिडकीत पेज ठेवीन." आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली. "इजाबायला ताप उतरल्यावर सांगेन. तिलाच सांगायला हवं आधी. निजली होती म्हणावं तुझी आय, आता जागी झालीय. तू आता निघ, गाडी चुकेल."

मी निघालो. अंगणातून वळून पाहिलं तर कौलांतून धूर निघत होता आणि पलीकडच्या टोकाच्या एका घराचं कुलूप निघालं होतं.

वाईला पोचलो ते भर दुपारी. मोटारतळावर कुणी आलं नव्हतं, मी कळवलंच नव्हतं. आमचं घरही पांढरीचंच, आजोबांनी उठलेल्या गावची माती गाडीनं आणून बांधलेलं. इतकी वर्षं या भिंती ठोकल्या, पण ती माती कुणाच्या घराची, कुणाच्या माजघराची, हे आम्ही कुणी विचारलं नव्हतं. पायातल्या वहाणा काढल्या, पिशवी खाली ठेवली आणि सोप्यात उभा राहिलो. घर गप्प होतं. दुपारची निजानीज असेल. पण मला ती शांतता सोसेना. मी स्वयंपाकघराच्या भिंतीपाशी गेलो. हात उचलला आणि माझ्या नेहमीच्या दांडगेपणानं नाही, अगदी हलक्या हातानं तीन ठोके मारले.

पातेलं आपटलं नाही. काहीच आलं नाही. मी भिंतीला कान लावला.

मग आतून बांगड्या वाजल्या. "आहे हो, आहे!" सौभाग्यवती म्हणाल्या. "जिवंत आहे अजून. पाय धुऊन या, चहा टाकते."